गुरुपूजन आणि माउलींच्या आचार्योपासनेच्या ओव्या

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणे मोजू लागतात. त्यात सातव्या श्लोकात 'आचार्योपासन' हे पद येते. नुसते पद. त्याला विशेषण नाही, पुढे खुलासा नाही. भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ एका वाक्यात सांगितला आणि पुढचे पद घेतले. मोक्षाचे साधन जो उपदेशितो त्या आचार्याची शुश्रूषादिकांनी सेवा करणे, एवढेच. ज्ञानेश्वर माउली मात्र या पदापाशी आली आणि तिथेच रमली. नव्वदीच्या आसपास ओव्या झाल्या तरी पद सुटेना. अहिंसेच्या पदावरही विस्तार मोठा आहे, पण तिथे मतांचे खंडनमंडन आहे, वाद आहे. इथे वाद कोणाशी नाहीच. इथे नुसता पान्हा आहे.

या ओव्या आपल्या संप्रदायात पुष्कळांच्या पाठात आहेत, म्हणून त्या इथे उतरवून कागद भरत नाही. वाचकांनी ग्रंथ शेजारी उघडून ठेवावा आणि मी म्हणतो ते तिथे आहे की नाही हे स्वतः ताडून पाहावे.

हे लिहायला बसलो त्याचे कारण सांगतो. आषाढी पौर्णिमा जवळ आली की याच ओव्या व्यासपीठावरून ऐकू येतात. माउलीने गुरूची पादुका व्हायची इच्छा केली, चूळ टाकायचे भांडे व्हायची इच्छा केली, मग तुम्ही महाराजांसाठी काय केले, असा प्रश्न श्रोत्यांना विचारला जातो, आणि लगेच पाद्यपूजेची रांग लागते. रांगेला माझा आक्षेप नाही. आडगावातून एसटीने आलेल्या म्हातारीला नारळ ठेवून पायावर डोके टेकावेसे वाटते, त्या भावाला नावे ठेवणारा मी कोण? आक्षेप आहे तो ओव्यांच्या अर्थावर. माउलींचे बोल तिथे जे सांगण्यासाठी वापरले जातात ते त्या बोलांत नाही. आणि जे आहे ते सांगितलेच जात नाही.

पहिली गोष्ट क्रमाची. श्लोकातली पदे ओळीने पाहा. आधी अमानित्व, मग अदंभित्व, मग अहिंसा, क्षांती, आर्जव, आणि त्यानंतर सहावे आचार्योपासन. मानाची हाव गेली, दंभ गेला, की मग गुरूची उपासना. भगवंतांनी ही पदे पिशवीतून सांडल्यासारखी टाकलेली नाहीत. आणि माउलींनी पहिल्या दोन पदांवर काय म्हटले आहे? ज्याच्या अंगी अमानित्व आहे त्याला सन्मान झाला की पारध्याने कोंडलेल्या हरणासारखे वाटते. पोहता पोहता भोवऱ्यात सापडल्यासारखा त्याचा जीव घुसमटतो. अंगी बृहस्पतीची विद्या असली तरी थोरवीच्या भयाने तो वेड्यात जाऊन लपतो. अदंभित्वाला तर दृष्टांत आपल्या शेतातलाच आहे. पेरलेले बी शेतकरी मातीने झाकतो, तसा हा आपले पुण्य झाकतो. धसईच्या खाचरांतून ज्यांनी राब भाजून आवण तयार केले आहे त्यांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. उघडे टाकलेले बी पाखरे नेतात.

आता इथे एक गाठ पडते आणि ती फारशी कोणी सोडवत नाही. ही लक्षणे ज्ञान्याची. गुरू ज्ञानी असायचा. म्हणजे खरा गुरू तो, ज्याला सन्मान पारध्याच्या जाळ्यासारखा वाटतो. आणि खरा शिष्य तो, ज्याला गुरूची उपासना केल्यावाचून चैन पडत नाही. दोघे समोरासमोर आले तर काय व्हायचे? एक हार घेऊन धावणार आणि दुसरा रानात पळणार. एकाच श्लोकात ही दोन्ही लक्षणे बसतात कशी? माउलींच्या नव्वद ओव्या हे या गाठीचे उत्तर आहे असे मला वाटते. तसे वाचले तर त्यांतला एकेक दृष्टांत जागेवर बसतो, आणि व्यासपीठावर वाचतात तसे वाचले तर निम्मे दृष्टांत निरर्थक होतात.

जुन्या शास्त्रींनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला जी साधने सांगितली त्यांत उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी पहिली. आरंभ कशाने केला आणि शेवट कशावर आणला ते पाहावे. इथे आरंभ कशाने आहे? गुरूच्या दर्शनाने नाही, पूजनाने नाही. आरंभ विरहाने आहे. शिष्य गुरूजवळ नाहीच. गुरूचे घर दूर, दुसऱ्या मुलखात आहे आणि तो मुलूख याच्या मनात येऊन राहिला आहे. त्या बाजूने वारा आला तर हा सामोरा धावतो, त्याच्यापुढे लोटांगण घालतो आणि माझ्या घरी चला म्हणून विनवतो. त्या दिशेशीच बोलत बसतो. मग हा तिकडे जात का नाही? कारण गुरूचीच आज्ञा आहे की तू आपल्या गावी राहा. दाव्याला बांधलेल्या वासरासारखे शरीर तेवढे गावात आहे. गुरूच्या गावचे कोणी आले, गुरूंनी कोणाला धाडले, की मरणाऱ्याला आयुष्य मिळावे तसे याला होते.

वाचकहो, या ठिकाणी मी अनेकदा थांबलो आहे. साऱ्या प्रकरणात गुरूची आज्ञा म्हणून जी प्रथम येते ती ही, दूर राहण्याची. ये म्हणून नाही, आण म्हणून नाही. आणि माउलींनी उपासनेतला सर्वांत कोवळा भाग या दूर राहण्यावर रचला आहे. ज्याला वाऱ्याशी बोलून गुरू भेटतो त्याच्या उपासनेला मांडव लागत नाही.

यात आणखी एक नवल आहे. हे बोलणारे ज्ञानदेव आणि त्यांचे गुरू निवृत्तिनाथ काही दूर नव्हते. सख्खे भाऊ. एका घरात वाढले, एका पंगतीला जेवले, आईबापांवेगळे झाल्यावर एकमेकांच्या आधाराने हिंडले. शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ सांगितला गेला तेव्हा निवृत्तिनाथ श्रोत्यांत समोर होते, हे ग्रंथातल्याच संवादांवरून दिसते. मग हा विरह कुठला? आत्मचरित्र म्हणून ही ओवी वाचता येत नाही. गुरू हातभर अंतरावर बसलेला असताना शिष्य त्याच्या गावाकडून येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहतो आहे! याचा अर्थ असा की देह जवळ असणे आणि गुरू जवळ असणे या दोन गोष्टी माउलींनी मुद्दाम वेगळ्या करून दाखवल्या. वयाचेही पाहा. परंपरेच्या गणनेने निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा आणि ज्ञानदेवांचा ११९७ चा. म्हणजे ग्रंथाच्या वेळी गुरू सतरा वर्षांचा आणि शिष्य पंधराचा. आज साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असल्यावाचून आपल्याला कोणाचा गौरव सुचत नाही.

आता मधला भाग, ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली जाते. गुरूचे घर मी होईन, दार मी होईन, द्वारपाळही मी. त्यांच्या पादुका मी होईन आणि त्या पायांत घालणाराही मीच. छत्र मी आणि छत्र धरणाराही मी. चवरी ढाळणारा, उंचसखल वाट सांगणारा, पाण्याची झारी, विड्याचे तबक, स्वयंपाकी, अंथरूण, पाय चेपणारा, सगळे मी. आधुनिक शिकलेली मंडळी इथे नाक मुरडतात. ही गुलामी झाली, माणसाने माणसाचे पिकदाणीचे भांडे व्हावे हा कसला आदर्श, असे एका शिक्षकाने मला तोंडावर विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पण हा प्रश्न विचारणारा आणि या ओव्या पाद्यपूजेच्या रांगेत वापरणारा, दोघे एकाच ठिकाणी घसरतात. दोघेही याला विधी समजतात.

मीमांसेत विधी वेगळा आणि अर्थवाद वेगळा. 'हे करावे' हा विधी. स्तुतीसाठी, गोडी लावण्यासाठी जे बोलले जाते तो अर्थवाद, त्यावरून कोणाला कामाला जुंपता येत नाही. या ओव्यांतली क्रियापदे पाहा. सगळी 'मी होईन, मी करीन' अशी आहेत, शिष्याच्या तोंडची, पुढच्या काळातली, मनोरथाची. 'तू हो', 'तू कर' असे गुरूच्या तोंडी एकदाही नाही. प्रेमाने स्वतःशी बोललेले दुसऱ्याच्या गळ्यात आज्ञा म्हणून अडकवणे हा अर्थाचा विपर्यास आहे. आई बाळाला खाऊ का म्हणते. म्हणून शेजाऱ्याने सुरी आणून द्यायची नसते.

शिवाय पादुकाही मीच आणि घालणाराही मीच हे गुलामाला जमणारे नाही. गुलाम एक काम करतो. इथे एकच जण सारे घरदार, सारी भांडी, सारे सेवक होऊन बसला आहे. दुसऱ्या सेवकाला जागाच ठेवलेली नाही. गुरूभोवती गर्दीच नको, असा हा गोड हट्ट आहे. ज्यांनी 'अमृतानुभव' वाचला आहे त्यांना दुसरे प्रकरण आठवेल. तिथे माउली म्हणतात की गुरू आणि शिष्य हे शब्द दोन असले तरी दोन्हींतून गुरूच एकटा नांदतो. आणि मग नमस्कार करायला वेगळा कोणी उरत नाही म्हणून नमस्काराचीच पंचाईत होते. तेराव्या अध्यायातली ही चढाओढ त्याच वाटेवरची आहे. अगदी मरणानंतरही ती थांबत नाही. देहाची माती गुरूचे पाय उभे राहतील त्या भूमीत मिळो, पाणी त्यांच्या पाण्यात, तेज त्यांना ओवाळायच्या दिव्यांत, वारा त्यांच्या विंझण्यात आणि आकाश ते राहतील तिथल्या पोकळीत. पाचही भूते वाटून झाली, मागे पाटी लावायला काही उरले नाही.

गुरूविषयी इतके बोलून माउलींनी काय सांगितले नाही, तेही टिपायला हवे. निवृत्तिनाथांचा एकही चमत्कार ज्ञानेश्वरीत नाही. भिंत नाही, रेडा नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर वाघाच्या भयाने भावंडे पांगली आणि निवृत्तीला गहिनीनाथ भेटले ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. माउली ती सांगत नाहीत. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी परंपरा येते, तिथेही गहिनीनाथांनी निवृत्तीला काय दिले ते सांगितले आहे, तर एक काम दिले. कलीने गिळलेल्या जीवांना सोडवायला धाव घे, हे ते काम. गुरूच्या चरित्रात माउलींना तेवढेच लिहिण्यासारखे वाटले.

याच्याशेजारी हल्लीचे गौरवग्रंथ ठेवा. माझ्याकडे दहाबारा तरी भेट आलेले आहेत, गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे. नावे घेत नाही, घेण्याचे कारणही नाही, कारण सगळे एकसारखेच आहेत. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश. मग महाराजांचा जन्म, जन्माआधी आईला पडलेले स्वप्न. मग एखादा आजार बरा झाला, एखाद्याला नोकरी लागली, पाऊस थांबला. मग शिष्यांच्या घरांची, गाड्यांची, देणग्यांची यादी. महाराजांनी शिकवले काय, कोणत्या ओवीचा अर्थ त्यांनी इतरांहून वेगळा लावला, चाल कोणाकडून घेतली, कोणत्या गावात किती मुले त्यांच्यामुळे मृदंगाला बसली, यावर पान नसते. शिकवणाऱ्याच्या गौरवात शिकवलेलेच नसावे! एका ग्रंथात तर महाराजांच्या पादुकांच्या छायाचित्राला पूर्ण पान होते आणि त्यांच्या निरूपणाला अर्धे. ही टीका कठोर वाटेल, पण ज्यांनी आयुष्यभर ग्रंथ सांगितला त्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात ग्रंथ नसणे हा त्यांचा गौरव खास नव्हे.

आमचे धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत गाजले. तेव्हा आम्ही भाजीवाल्याकडच्या यंत्राकडे कौतुकाने पाहत होतो. परवा एका कार्यक्रमात पाद्यपूजेच्या ताटाशेजारी क्यूआर कोडची पाटी पाहिली. सुटे नाहीत म्हणायची सोय गेली!

गावच्या संदर्भाने आणखी एक बोलावे लागेल. धसईहून देहरीच्या रस्त्याला लागले की दोन सुळके दिसू लागतात, गोरखगड आणि मच्छिंद्रगड. गोरक्षनाथांनी इथे साधना केली म्हणून नाव पडले अशी समजूत आहे. गोरखगडाला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पोटात गुहा आहे, माथ्यावर महादेवाचे छोटे देऊळ आहे. लोक तिथवर चढतात आणि गुहेतून समोर मच्छिंद्राचा सुळका पाहतात. त्याच्यावर सहसा कोणी जात नाही, वाट दोराची आहे. शिष्याच्या गडावर उभे राहावे तेव्हा गुरूचा गड नीट दिसतो, हे आमच्याकडे गुराख्यालाही ठाऊक आहे. याच गुरुशिष्यांची जी कथा 'नवनाथ भक्तिसार' ग्रंथात आहे ती गुरुपूजनाच्या दिवशी कोणी सांगत नाही. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरक्षाने मृदंगाच्या नादातून हाक देऊन जागे केले आणि बाहेर काढले. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीत सोन्याची वीट होती, ती या शिष्याने फेकून दिली. तीही उपासनाच. गुरूच्या झोळीचे ओझे कमी करणारे शिष्य आता किती आहेत? झोळी भरणारेच फार.

तुकोबारायांचे पाहू. त्यांना गुरू भेटले ते स्वप्नात, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. गंगास्नानाला जाताना वाट सापडली, डोक्यावर हात ठेवला, राम कृष्ण हरी हा मंत्र दिला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितले. तुकोबांनी ते स्वप्नात विसरून टाकले, आणि ही विसरल्याची गोष्ट अभंगात स्वतः नोंदवून ठेवली. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी अशी परंपरा सांगून झाली, पण गुरूला द्यायचे तूप राहिले ते राहिले. मला तर वाटते की मराठीत गुरुदक्षिणेवर याहून खरे काही लिहिले गेले नाही. जागेपणी ज्यांची एकदाही पाद्यपूजा केली नाही त्या गुरूचा मंत्र आज लाखोंच्या तोंडी आहे. पुढे स्वतः गुरुपदाला पोचल्यावर त्यांनी काय सांगितले? पावसाने पडावे तसा उपदेश सर्वांवर करावा, शिष्य म्हणून कोणाला धरून ठेवू नये. जिथे कीर्तन करावे तिथले अन्न खाऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, कपाळी बुका लावून घेऊ नये. हे आम्हा कीर्तनकारांना पाठ असते. कीर्तनाच्या आरंभी हार घालून घेताना ते आठवत नाही इतकेच. विसोबा खेचर नामदेवरायांना भेटले ते पिंडीवर पाय ठेवून पडलेले, आणि चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना मुक्ताईसारखी पोर गुरू मिळाली. संप्रदायाने या कथा जपल्या त्या गुरूचे आसन उंच करण्यासाठी नाही.

पूर्वपक्ष मात्र सोडता येत नाही. पूजन नसेल तर सामान्य माणसाने आदर दाखवायचा कसा? सगळ्यांनाच वाऱ्याशी बोलता येत नाही. खरे आहे. माझे आळंदीचे गुरुजी, त्यांना जाऊन आता चाळीस वर्षे होतील, यांची रीत सांगतो. दिवाळीनंतर आम्ही नवा तांदूळ घेऊन जात असू. तो ते घेत, नाकारत नसत. पण त्याच संध्याकाळी तो शिजे आणि खोलीतली सगळी मुले तो खात. पायावर डोके ठेवले की तेही वाकून आमच्या पायांना हात लावत. वारकऱ्यांची ही रीतच आहे, लहान थोर पाहायचे नसते. पाया पडून झाले की एकच प्रश्न, "अठरावा कुठवर आला?" म्हणजे अठरावा अध्याय पाठ कुठवर झाला. तिथून पुढच्या पन्नास ओव्या न अडखळता म्हणायच्या. आमची गुरुपूजा ती. कोणी अडखळले तर रागावत नसत, ती ओवी स्वतः म्हणत आणि त्याला पुन्हा म्हणायला लावत.

आषाढी पौर्णिमेला तर ते आळंदीत नसतच. कोणता वारकरी असतो? एकादशी झाली की पौर्णिमेला गोपाळपूरला काला असतो आणि काल्यानंतर पालख्या परत फिरतात. वारकऱ्याची व्यासपौर्णिमा अशी गोपाळपूरच्या वाळवंटात, एकमेकांच्या तोंडात काला घालण्यात जाते. त्यात कोणाचा हात कोणाच्या तोंडी गेला हे कोणी पाहत नाही. मठामठांतून त्याच दिवशी आसनावर बसून पूजा घेण्याची पद्धत इतर परंपरांत असेल, तिला तिचे कारणही असेल. आपल्याकडे ती बाहेरून आली आणि इतकी रुळली की आता गोपाळपूर सोडून लोक मठात जाऊ लागले. इकडे मुरबाड-शहापूरला तर तो लावणीचा हंगाम. जुनी माणसे चिखलातूनच पंढरीकडे हात जोडत आणि पुढची मूठ लावत.

हे सगळे लिहितो आहे कारण आता प्रश्न माझ्या दाराशी आला आहे. यंदा मला पंचाहत्तरावे लागले. गुडघे गेले, आवाज बसला, कीर्तन थांबवून तीन वर्षे झाली. गावातली आणि पाड्यांवरची तरुण मंडळी आली. सत्कार करायचा, पाद्यपूजा करायची, वेशीवर मोठा बॅनर, आणि एक गौरव अंक. पोरे गुणाची आहेत, त्यांतली तीन-चार मृदंगाला माझ्याच ओटीवर बसलेली. त्यांना नाही म्हटले तर मन मोडते. हो म्हटले तर तेराव्या अध्यायावर आयुष्यभर जे निरूपण केले ते कोणत्या तोंडाने केले? त्यांना सांगितले की देवळात सात संध्याकाळी बसून अमानित्वापासून आचार्योपासनेच्या शेवटपर्यंत वाचा, अर्थ करा, मग या. वाचन चालू आहे. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक जण एकटाच आला. म्हणाला, "बुवा, यात तर हाराचं काहीच नाही. मग आम्ही करायचं काय?" त्याला म्हटले, अजून शेवट वाचायचा आहे.

शेवट, म्हणजे उपसंहार. नव्वद ओव्या गुरुसेवेची स्वप्ने सांगून झाल्यावर माउली एकदम स्वतःकडे वळतात. म्हणतात, माझे म्हणाल तर हात असून सेवेला थोटा, भजनात आंधळा, परिचर्येला पांगळ्याहून मंद, गुरूचे वर्णन करायला मुका, फुकट पोसलेला आळशी. पण मनात प्रीती आहे, तिने हा विस्तार करायला लावला. श्रोत्यांनी सोसून घ्यावा. आरंभी विरह, अखेरीस असमर्थता. यांच्या मधोमध ज्या सेवा आल्या त्यांतली एकही आपल्या हातून झाली असे माउली म्हणत नाहीत. सोळाव्या अध्यायातही हेच आहे. गुरूची स्तुती करायची तर परेसकट वैखरी विरून जायला हवी. तरी मी बोलतो आहे, म्हणजे दरिद्र्याला अमृताचा समुद्र दिसावा आणि त्याने त्याच्या पाहुणचाराला पालेभाजी रांधावी तसे झाले. गाठ सुटते ती इथे. सन्मानाला भिणारा गुरू आणि उपासनेवाचून न राहणारा शिष्य यांच्यामध्ये हार येत नाही, ग्रंथ येतो. प्रीती सगळी निरूपणात ओतली जाते, ती श्रोत्यांना पोचते, आणि गुरूला कुठे पळावे लागत नाही.

आणि गुरूंनी ते कसे घेतले हेही ग्रंथातच आहे. चौदाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव पुन्हा आचार्यांची स्तुती करू लागतात. एकेक ओवीने ती चढत जाते, देवा, तुमचे वर्णन वेदांनाही झेपत नाही म्हणतात. तेव्हा निवृत्तिनाथ मध्येच बोलतात. हे विनवणे पुरे कर, ग्रंथाचा अर्थ सांग, ऐकणाऱ्यांची उत्कंठा मोडू नकोस. ज्ञानदेव म्हणतात, स्वामी, मी याचीच वाट पाहत होतो, ग्रंथ सांग असे आपण आपल्या तोंडाने म्हणावे म्हणून. आणि गीतेचा पुढचा श्लोक घेतात.

माझ्या मंडळींचे वाचन तिथवर यायला अजून दोन संध्याकाळ आहेत.